पाणबुडीची सफर: आईचे कान दुखतील का? लवकर सांगा

निळाई: आज रात्रीच बुकिंग करायचंय. विमान उतरताना आईचे कान भयंकर दुखतात. पाणबुडी खाली जाताना तसंच होईल का? बाबा नकोच म्हणतायत. जाऊन आलेल्यांनी सांगा.

खलाशी: पूर्ण बुडणारी की सेमी-सबमरीन? सेमीचं डेक पाण्यावरच राहतं, फक्त खिडक्यांचा भाग खाली असतो. जाहिरातीत दोन्हींना पाणबुडीच म्हणतात.

निळाई: माहीत नाही हो. खिडक्यांतून मासे दिसतात. कानाचं सांगा ना!

मेधा: दोन्हींत कान दुखायचं कारण नाही. विमानात केबिनचा दाब बदलतो, म्हणून दडे बसतात. पाणबुडीत आतला दाब जमिनीवरचाच राहतो. बाहेर दर १० मीटरला जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, तो कवच पेलतं.

प्रवाळवेडा: त्यापेक्षा स्कूबा करा. काचेआडून काय दिसणार? खोलवर लाल रंग पाण्यातच शोषला जातो, फोटो सगळे निळे येतात.

मेधा: कान दुखणाऱ्या बाईंना स्कूबा? तिथे तर दाब थेट कानावर!

प्रवाळवेडा: मी निळाईंना म्हणालो, आईंना नाही.

अनुजा: २०२३ मध्ये टायटन पाणबुडी खोल समुद्रात चिरडली, आतले सगळे गेले, ते विसरलात का? नका नेऊ.

खलाशी: टायटन ३८०० मीटरवरच्या टायटॅनिककडे चालली होती. कवच कार्बन फायबरचं, जहाजांची सुरक्षितता तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र नाही. पर्यटक पाणबुड्या साधारण ३० मीटरपर्यंत जातात.

अनुजा: मग मार्च २०२५ मध्ये इजिप्तमध्ये हुरघाडाला पाणबुडी बुडून सहा जण दगावले, ती पर्यटकांचीच होती ना?

खलाशी: होय, तिथे उत्तर नाही माझ्याकडे. म्हणूनच प्रमाणपत्र कुणाचं आणि वर सोबतीला बोट असते का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

जुनीपानं: १९६४ च्या स्वित्झर्लंडमधल्या लोझान प्रदर्शनात संशोधक झाक पिकार यांच्या मेझोस्काफ नावाच्या पाणबुडीतून एका वेळी ४० जण जिनिव्हा सरोवरात उतरायचे. पर्यटक पाणबुडीची सुरुवात तिथली.

मेधा: निळाई, आईंचे गुडघे कसे आहेत? पूर्ण बुडणारीत बहुतेक उभ्या शिडीने उतरावं लागतं. आत बाथरूमही नसतं.

निळाई: एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण चालते व्यवस्थित.

खलाशी: अहो, हे आधी सांगायचं! कानापेक्षा शिडीचाच प्रश्न मोठा आहे.

निळाई: फोन केला. सेमीच आहे, जिना आहे, कठडाही आहे. करते बुकिंग.

प्रवाळवेडा: थांबा. सेमी लाटांवर हलते, पूर्ण बुडालेली खाली शांत असते. आईंना बोट लागते का?

निळाई: बोटीत कधी बसली नाही. घाटात गाडी लागते. गोळी किती आधी द्यायची?

मेधा: गोळीप्रमाणे वेळ बदलते. त्यांना बीपीची वगैरे औषधं चालू आहेत का, ते आधी सांगा.