मदत हवी आहे: उद्यमनगरात सापडलेला हा फिनवाला ब्लॉक कुठल्या विमानाच्या इंजिनाचा?

नमस्कार मंडळी,

माझे मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं ऑइल इंजिनं उघडत-जोडत होते. गुऱ्हाळाची, विहिरीवरच्या पंपांची, दारात येईल ती. गेल्या वर्षी ते गेले. वर्कशॉप रिकामं करताना माळ्यावर पोत्यात गुंडाळून, ग्रीस थापून ठेवलेला एकच ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा एक सुटा सिलिंडर, मिळाला. मामी म्हणाल्या, बेंगलोरकडच्या भंगाराच्या लॉटमधून आणला होता आणि 'हा विकायचा नाही' असं त्यांनी बजावलं होतं. कशाचा आहे ते मात्र घरात कुणालाच माहीत नाही.

एअर-कूल्ड इंजिनांचा नाद मला मामांनीच लावला. त्यामुळे हा मोटरसायकलचा किंवा जनरेटरचा नाही एवढं हातात घेताच कळलं. फिन, म्हणजे हवेने थंड होण्यासाठी बाहेरून असलेल्या चकत्या, इतक्या पातळ आहेत की कडेला दीड मिलिमीटरही भरत नाहीत, आणि दोन फिनच्या मधे तळाशी लेथच्या टूलच्या बारीक रेघा दिसतात. म्हणजे ओतलेला नाही, स्टीलच्या गोळ्यातून कातून काढलेला आहे. दोरीला टांगून पान्याने हलकं टोकलं तर घंटेसारखा बराच वेळ घुमतो. बिडाचा ब्लॉक असा वाजत नाही.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. फ्लँजच्या, म्हणजे सिलिंडर बोल्टने बसवायच्या कडेच्या, पलीकडे बिनफिनचा लांब स्कर्ट आहे, म्हणजे सिलिंडर क्रँककेसमध्ये (क्रँक असतो त्या पेटीत) बराच आत शिरत असणार. उलट्या इंजिनात, जिथे सिलिंडर खाली लोंबतात आणि क्रँक वर असतो, तिथे हे लागतंच, नाहीतर केसमधलं ऑइल सरळ सिलिंडरमध्ये उतरेल. (तरीही थोडं झिरपतंच, म्हणून अशी इंजिनं सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवून बघतात.)

शेजारच्या बोअरिंगवाल्यांकडून डायल गेज लावून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून घेतला. मधे झीज धरून १२०.१९, आणि वरच्या कडेला, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे १२०.०२ मिमी. इथेच माझी झोप उडाली आहे.

टायगर मॉथ या जुन्या ट्रेनर विमानाचं जिप्सी मेजर इंजिन ११८ मिमी बोअर, १४० मिमी स्ट्रोकचं (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव). सिरस मेजर १२० बोअर, स्ट्रोक तोच १४०. आणि आपल्या एचटी-२ या ट्रेनर विमानाशी ही दोन्ही इंजिनं जोडलेली आहेत: १९५१ मध्ये उडालेल्या पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर होतं, पुढे १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर आलं. एचटी-२ चे डिझायनर डॉ. वि. मा. घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलेच. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला हा माणूस. स्वतंत्र भारतात आपल्याकडे आखून बांधलेल्या त्या पहिल्या ट्रेनरचा एक सिलिंडर फिरत फिरत उद्यमनगरच्या माळ्यावर आला असेल, तर मला ते नक्की कळायला हवं. अंदाजावर मी कुणाला सांगणार नाही.

अडचण अशी. हवाई दलाच्या डेव्हन विमानातलं सहा सिलिंडरचं जिप्सी क्वीन ७० हेही उलटंच, आणि बोअरही १२०. फरक स्ट्रोकचा, तिथे १५०. नुसत्या ब्लॉकवरून स्ट्रोक कसा काढायचा? रिंगांनी घासलेला पट्टा मोजला, तो १६३ मिमी भरला. हा पट्टा म्हणजे स्ट्रोक अधिक सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या रिंगमधलं अंतर. ते अंतर २३ च्या आसपास असेल तर सिरस, १३ च्या आसपास असेल तर क्वीन.

तर विचारायचं ते हे. सिरस मेजर किंवा जिप्सी क्वीनचा पिस्टन कुणाकडे आहे का, किंवा कुणी उघडा पाहिलाय का? रिंगांमधलं अंतर मोजून सांगाल का? ११८ चा सिलिंडर १२० पर्यंत बोअर करत असतील असं मला वाटत नाही, एवढ्या पातळ भिंतीत दोन मिमी कुठून काढणार, पण ओव्हरसाइझ, म्हणजे झीज काढायला बोअर मूळ मापापेक्षा वाढवणं, किती चालायचं हे माहीत असलेल्यांनी लिहावं. फ्लँजच्या कडेला काही आकडे ठोकलेले आहेत, गंजाखाली दोनच नीट वाचता येतात: ७ आणि ४. शिक्के नेमके कुठे असतात?

गंजाचंही सांगा. एक जण सँडब्लास्ट करून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. सध्या डिझेलमध्ये बुडवून ठेवलाय आणि रोज संध्याकाळी पितळी ब्रशने दोन-तीन फिन घासतो.

भर: प्रतिक्रियांमध्ये एकांनी डाकोटा विमानाच्या ट्विन वॅस्प इंजिनाचा असेल का असं विचारलंय. नाही, त्याचा बोअर साडेपाच इंच, जवळजवळ १४० मिमी. आणि काल रात्री तिसरा आकडा वर आला, ९ आहे. फोटो कुठल्या कोनातून हवेत ते लिहा, उद्या उजेडात काढून टाकतो.