ले-ऑफमध्ये पन्नास टक्के मिळतात, पण गेटवर जावं लागतं

एकांनी लिहिलंय की कंपनीने "ऑर्डर नाही, महिनाभर घरी बसा, पगार नाही" असं सांगितलं. कामावरून न काढता असं तात्पुरतं घरी बसवणं म्हणजे ले-ऑफ, पण बिनपगारी बसवणं एवढं सोपं नाही. कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार असतील, काम हंगामी नसेल, तुमचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) असेल आणि वर्षाची सलग नोकरी झाली असेल, तर ले-ऑफच्या दिवसांचे बेसिक अधिक महागाई भत्त्याचे पन्नास टक्के द्यावेच लागतात. साप्ताहिक सुट्टी तेवढी वगळून. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. बदली कामगाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी लावलेल्याला, मात्र नाही.

लोक फसतात ते हजेरीत. रोज ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी लावली नाही, तर भरपाई बुडते. सुपरवायझर तोंडी म्हणतो, "या कशाला, फोन करू." त्याला गोड हसून म्हणा, साहेब, हेच नोटीस बोर्डावर लावा किंवा व्हॉट्सॲपवर टाका. दुसऱ्या अर्ध्या शिफ्टला बोलावून तेव्हाही काम दिलं नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचा पूर्ण पगार लागतो. हे एचआरवाले आपणहून कधीच सांगत नाहीत.

राजीनाम्यावर सही मागितली तर अजिबात करू नका, आधी युनियन किंवा कामगार आयुक्त कार्यालय गाठा.