प्रति: पडवीच्या छपराची भिंतीलगतची गळती

पडवीचं छप्पर भिंतीलगत गळतं, त्यावर कौलं भिंतीला टेकतात तिथे डांबरी पट्टी चिकटवा, असा एक सल्ला दिला गेलाय. काँक्रीटच्या भिंतीला ठीक, पण गोव्यातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराला एवढ्याने भागत नाही. चिरा सच्छिद्र असतो. झड भिंतीवर बसली की पाणी पट्टीच्या वरच चिऱ्यात मुरतं आणि मागून खाली उतरतं. सिमेंटने सांधा बुजवला तर तोही टिकत नाही, कारण लाकडी वासे पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि भिंत मात्र जागची हलत नाही. पाणी शिरायला केसाएवढी भेग पुरते.

पेडण्याला आमच्या घरी गवंड्याने कौलांच्या वर वीतभर उंचीवर ग्राइंडरने भिंतीत आडवी खाच मारली, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची वरची कड वाकवून तिच्यात बसवली आणि खालची कड कौलांवर मोकळी सोडली. ती कौलांना अजिबात चिकटवू नका, छपराला हलायला जागा हवीच. पत्र्याच्या वरचा गिलावा पोकळ वाजत असेल तर तोही आधी काढून नवा करा, नाहीतर पाणी तिथून शिरेल. आणि काम मे महिन्यातच उरका, ओल्या चिऱ्यावर गिलावा नीट धरत नाही.