गुरू-शनीच्या चंद्रांवर जीवसृष्टी: पाण्याच्या पुढचा पुरावा कोणता?

मृगशीर्ष (प्रश्न):
गुरूचा चंद्र युरोपा आणि शनीचा चंद्र एन्सेलाडस यांच्या बर्फाखाली समुद्र आहेत, हे आता सगळीकडे ठामपणे लिहिलेलं दिसतं. पण बर्फाला एक भोकही न पाडता तिथे खारं पाणी आहे हे ठरवलं कशावरून? सूर्यापासून इतक्या लांब ते गोठत का नाही? आणि पाणी, ऊब दोन्ही असली तरी अंधारात सूक्ष्मजीवांना ऊर्जा कुठून मिळणार? गुरूचा गॅनिमीड तर सगळ्यांत मोठा चंद्र, मग या चर्चेत त्याचं नाव मागे का पडतं?

चुंबकसूची:
युरोपाचा सगळ्यांत भक्कम पुरावा चुंबकीय आहे. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या भ्रमणाक्षाशी सुमारे 10 अंशांनी कललेला आहे. त्यामुळे युरोपाच्या जागी गुरूचं क्षेत्र दर 11.2 तासांनी हेलकावतं. बदलत्या क्षेत्रात वीजवाहक पदार्थ असला की त्यात प्रवाह निर्माण होतात आणि ते स्वतःचं उलटं क्षेत्र उभं करतात. गॅलिलिओ यानाला युरोपाजवळ असं क्षेत्र दिसलं, पण ते युरोपाचं कायमचं क्षेत्र नसेल कशावरून, ही शंका उरत होती. म्हणून 3 जानेवारी 2000 ची फेरी गुरूच्या क्षेत्राची दिशा उलट असेल अशी वेळ साधून झाली. कायमचं क्षेत्र असतं तर ते तसंच राहिलं असतं. प्रत्यक्षात ते उलटलेलं सापडलं. बर्फ वीज जवळजवळ वाहून नेत नाही आणि गाभ्यातलं लोखंड फार खोल आहे. पृष्ठभागाजवळ खारं पाणी धरलं की आकडे जुळतात.

यातली अडचण अशी की एकाच आवर्तनावरून समुद्राची खोली आणि खारटपणा वेगळे करता येत नाहीत. उथळ पण खूप खारट समुद्र आणि खोल पण कमी खारट समुद्र सारखाच प्रतिसाद देऊ शकतात. 14 ऑक्टोबर 2024 ला निघालेलं युरोपा क्लिपर यान 2030 मध्ये गुरूपाशी पोचल्यावर युरोपाजवळून 49 फेऱ्या मारणार आहे. त्यात 11.2 तासांच्या जोडीला युरोपाच्या कक्षेचं सुमारे 85 तासांचं आवर्तनही मोजता येईल, आणि मग ही गाठ सुटू शकते.

एन्सेलाडसची गोष्ट वेगळी आहे. शनीभोवती फिरताना त्याचं कवच सुमारे 0.12 अंश इकडेतिकडे डुलतं. कवच खडकाला घट्ट चिकटलेलं असतं तर एवढं डुललं नसतं. म्हणजे समुद्र फक्त दक्षिण ध्रुवाखाली नाही, सबंध चंद्रभर आहे.

लंबकक्षा:
उष्णतेचं सांगतो. ग्रहाच्या ओढीने चंद्र किंचित लांबट होतो. कक्षा अचूक वर्तुळ असती तर तो फुगवटा एका जागी राहिला असता आणि घर्षण झालंच नसतं. कक्षा थोडी लंबवर्तुळाकार असल्यामुळे फुगवटा दर फेरीत कमी-जास्त होतो आणि आतला पदार्थ मळला जाऊन तापतो. पण हेच घर्षण कक्षेला हळूहळू गोल करत जातं, म्हणजे उष्णता आपोआप संपायला हवी. ती टिकते ती अनुस्पंदनामुळे, म्हणजे शेजारच्या चंद्रांच्या फेऱ्या साध्या प्रमाणात जुळल्यामुळे. गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयो या गुरूच्या आणखी एका चंद्राच्या चार होतात, त्यामुळे ठरावीक जागी बसणारे धक्के कक्षा लांबट ठेवतात. एन्सेलाडससाठी हेच काम डायोनी हा शनीचा दुसरा चंद्र 2:1 प्रमाणाने करतो. पील, कॅसन आणि रेनल्ड्स यांनी मार्च 1979 मध्ये आयोचा अंतर्भाग यामुळे वितळला असेल असं लिहिलं, आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर 1 च्या छायाचित्रांत तिथले ज्वालामुखी दिसले. विज्ञानात भाकीत इतक्या लवकर खरं ठरताना फार क्वचित दिसतं.

एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फकण यांचे फवारे अवकाशात उडतात. तो शनीपासून सर्वांत लांब असताना ते जास्त प्रखर होतात, कारण तेव्हा या भेगा ताणल्या जातात. ओढीचा संबंध याहून थेट दाखवणं अवघड आहे. खरा वादाचा मुद्दा वयाचा आहे. शनीचे आतले चंद्र जेमतेम दहा कोटी वर्षांचे असावेत असं काही गणितं सांगतात, काही नाही. जीवसृष्टी उगवायला किती काळ मिळाला, हे त्यावर ठरेल.

सामू_नऊ:
ऊर्जेवर थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळं इथेच अडतं. पाणी हे फक्त माध्यम आहे. जीवाला इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा असे दोन्ही पदार्थ लागतात. एन्सेलाडसच्या फवाऱ्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सापडले. एक CO₂ आणि चार H₂ यांपासून मिथेन आणि पाणी बनवून ऊर्जा काढणारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आहेत.

पण तो हायड्रोजन मोजणं सोपं नव्हतं. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण) दोन वाटा होत्या. बंद वाटेत नमुना टायटॅनियमच्या कोठडीत आपटून मग मोजला जाई. तिथे वेगाने आलेले बर्फकण धातू उघडा पाडतात, ताजं टायटॅनियम पाण्यातला ऑक्सिजन धरून ठेवतं आणि हायड्रोजन सुटतो. मग दिसलेला हायड्रोजन समुद्राचा की उपकरणाचा? म्हणून 28 ऑक्टोबर 2015 ला यान 49 किमी उंचीवरून, सेकंदाला 8.5 किमी वेगाने फवाऱ्यातून गेलं तेव्हा उघडी वाट वापरली. तिच्यात रेणू भिंतीला न शिवता आत येतात. तरीही हायड्रोजन उरला: फवाऱ्यातल्या वायूच्या 0.4 ते 1.4 टक्के.

मृगशीर्ष:
म्हणजे हायड्रोजन भरपूर असणं ही जीवसृष्टीची खूण मानायची का?

सामू_नऊ:
नाही, उलटही असू शकतं. ताटात वाढलेलं तसंच उरलं असेल तर जेवणारा कुणी नसेल, किंवा अगदी थोडे असतील. खडकातलं लोह गरम पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन देतं, त्याला जीव लागत नाही. मिथेनही खडक-पाण्याच्या अभिक्रियेतून येऊ शकतो. 2023 मध्ये बर्फकणांत फॉस्फेट सापडल्यावर एक मोठी उणीव भरली, तीसुद्धा फक्त सामग्रीची.

खरी कसोटी अमिनो आम्लांच्या प्रमाणात आहे. जीवाशिवाय बनलेल्या मिश्रणात ग्लायसीन सर्वाधिक असतं, कारण ते सर्वांत साधं. जीव मात्र अवघड आम्लंही गरजेप्रमाणे बनवतात. शिवाय बरेच अमिनो आम्ल रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे आरशातल्या प्रतिमेच्या दोन रूपांत असतात; त्यातही एकाच हाताचे रेणू जास्त निघाले तर जीवांचा संशय बळावतो. कण गोळा करतानाचा वेगही सांभाळावा लागतो: सेकंदाला साधारण 4 ते 6 किमी ठीक. फार वेगात रेणू तुटतात, फार हळू गेलं तर उपकरणाला मोजता येणारे आयन (विद्युतभारित कण) पुरेसे बनत नाहीत.

युरोपाची अडचण वेगळी. तिथे इलेक्ट्रॉन घेणारा म्हणून उपयोगी पडणारा ऑक्सिजन प्रारणामुळे पृष्ठभागावरच्या बर्फातून बनतो. पण गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या 2022 च्या फेरीतल्या मोजमापाने हा दर सेकंदाला सुमारे 12 किलो निघाला, आधीच्या बऱ्याच अंदाजांपेक्षा कमी. शिवाय तो कित्येक किलोमीटर बर्फातून खाली पोचायला हवा.

लंबकक्षा:
गॅनिमीडचं राहिलं. तो इतका मोठा आहे की समुद्राच्या तळाशी दाबामुळे पुन्हा बर्फ तयार होतो, पाण्याहून जड असलेला, म्हणून तो खालीच राहतो. त्यामुळे पाण्याचा खडकाशी थेट संबंध तुटतो आणि वर सांगितलेली अभिक्रिया अडखळते. क्षार आणि वायू त्या थरातून हळूहळू वर झिरपू शकतात का, हे जूस या युरोपीय यानाच्या मोजमापांनंतर जास्त नेमकं बोलता येईल. ते 2031 मध्ये गुरूपाशी पोचून 2034 मध्ये गॅनिमीडभोवती फिरू लागणार आहे.