फॅमिली केअर प्लॅनमध्ये सिस्टिम्स थिअरी नेमकी कुठे येते?

प्रश्न (बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष)
फॅमिली केअर स्टडीला हार्ट फेल्युअरचे 62 वर्षांचे आजोबा घेतलेत. पायांवर सूज येऊन पुन्हा अ‍ॅडमिट झाले होते. घरात आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. फाइलमध्ये सिस्टिम्स थिअरी (घर म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या माणसांची एक व्यवस्था) मांडणारे बर्टालान्फी, इनपुट-आउटपुटची आकृती, जेनोग्राम (कुटुंबाच्या पिढ्यांची आकृती) सगळं आहे, तरी ‘प्लॅन एकट्या पेशंटचाच आहे’ असा शेरा मिळाला. मीठ कमी करायचं सुनेला समजावलंय. अजून काय हवं?

कम्युनिटी हेल्थ ट्यूटर
शेरा रास्त आहे. स्वयंपाक सून करत असेल, पण चव कोण ठरवतं? आजी ठरवत असतील तर दोन दिवसांत आमटी पहिल्यासारखी होणार. हा हट्ट नव्हे. बसलेली घडी मोडली की घर ती परत बसवतं, यालाच होमिओस्टॅसिस म्हणायचं. म्हणून ‘ज्ञानाचा अभाव’ हे नर्सिंग डायग्नोसिस इथे अपुरं पडतं. ‘आहाराचा निर्णय घेणारी व्यक्ती उपचारात सहभागी नाही’ असं लिहा, आणि आजी, सून, मुलगा तिघांना एकत्र बसवून बोला. इकोमॅपही (घराचे बाहेरच्यांशी असलेले संबंध दाखवणारी आकृती) जोडा: जाड रेघ घट्ट संबंधाची, तुटक रेघ क्षीण संबंधाची. दवाखान्याकडे जाणारी रेघ तुटक निघाली, तर काम तिथेही आहे.

होम केअर सिस्टर
मॅडमचं पटलं. फक्त ‘मीठ कमी’ म्हणून भागत नाही, मोजून द्या. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाच माणसांना 25 ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी किमान 40 दिवस पुरायला हवी; लोणचं-पापड-फरसाण घरात असेल तर त्याहून जास्त. पिशवी फोडल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवायला सांगा. सिस्टिम्स थिअरीत फीडबॅक (परिणाम पाहून पुढचं वागणं सुधारणं) म्हणतात तो हाच.

दुसरा फीडबॅक वजनाचा: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी, रोज सारखेच हलके कपडे घालून. 3 दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. वही नातवाकडे द्या, पण फोन कोण करणार तेही नावानिशी ठरवा. बहुतेक घरांत नोंदी नीट असतात आणि फोन मात्र कुणीच करत नाही. साखळी तुटते ती तिथे.

प्रश्नकर्ती
धन्यवाद मॅडम, सिस्टर. आजींना चव सोडवत नसेल तर लो-सोडियम मीठ सुचवू का?

होम केअर सिस्टर
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. आजोबांना स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल (हार्ट फेल्युअरची औषधं) चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चवीला लिंबू, आमसूल, जिरेपूड, लसूण सुचवा, आणि तेही आजींनाच विचारून ठरवा.