इंदुरी ‘डायरी’ला मराठीत काय म्हणावं?

रामबाग, इंदूर
आमच्याकडे प्लॉटच्या गप्पांत ‘डायरीवर घेतला’ असं सर्रास म्हणतात, म्हणजे पक्के कागद होण्याआधीच बिल्डरला पैसे देऊन डायरीच्या पानावर नोंद करून घेतली. पुण्याच्या वहिनींना सांगताना मी ‘इसार दिला’ म्हटलं. त्या म्हणाल्या, मग साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) कधी? तिथेच अडले. नेमका शब्द सुचवाल का?

लोकमान्यनगर, इंदूर
ताई, इसार म्हणू नका. इसारपावतीत देणारा-घेणारा, जागा, ठरलेली किंमत, मुदत असं सगळं असतं. माझ्या मामांची डायरी मी हातात घेऊन पाहिली आहे. आखीव पान, प्लॉटचा आकार, फुटाचा भाव, ‘मिळाले’ आणि ‘बाकी’. खाली नुसती सही. वर आधीच्या माणसाचं नाव निळ्या शाईनं खोडून मामांचं काळ्या शाईनं लिहिलेलं. कॉलनीला तेव्हा मंजुरीही नव्हती. मामी अजून ‘आपला प्लॉट’ म्हणतात, तेव्हा पोटात तुटतं.

यामागचा व्यवहार पाहिला की शब्द सापडेल. खासगी बिल्डरला नुसती जमीन घ्यायला बँकेनं कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक. मग ते भांडवल डायरीतून उभं राहतं, तेही बिनव्याजी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत इंदूरचं नाव आलं. त्या योजनेत जुन्या शहराचा राजवाड्याकडचा भाग निवडला होता. पण ‘स्मार्ट सिटीत प्लॉट’ म्हणून आम्हाला दाखवली ती बायपासपलीकडची शेतं. म्हणजे डायरीवर पैसे देणारा खरेदीदार नसून धनको आहे. मी तर ‘बिनतारणी उसनवारी’ म्हणेन.

बडोदा (माहेर इंदूर)
डायरी या हातातून त्या हातात जाते, दर वेळी भाव चढतो. मग ‘हुंडी’ का नको?

लोकमान्यनगर, इंदूर
हुंडी पटवणारा कुणीतरी बांधील असतो, पेढीची पत पणाला लागते. डायरी फिरते हुंडीसारखी, पण शेवटच्या माणसानं ती कुणाकडे पटवायची? साठेखतानंही मालकी येत नाही, ती नोंदलेल्या खरेदीखतानंच येते. आपल्याकडे त्याला रजिस्ट्री म्हणतात. डायरी तर साठेखताच्याही अलीकडची. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानं प्रकल्पाच्या नोंदणीआधी बुकिंगच बंद केलं, आणि नोंदलेल्या करारावाचून दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायलाही मनाई केली.

माझं मत विचाराल तर नाम बदलू नका. ‘डायरी’ शब्द इंदुरी मराठीत रुळलाय, तो राहू दे. खोट आहे ती क्रियापदात. ‘प्लॉट डायरीवर घेतला’ यातलं ‘घेतला’ खोटं आहे. ‘डायरीवर पैसे दिले’ म्हणा.

रामबाग, इंदूर
आज वहिनींना फोनवर तसंच सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, ‘रेरा नंबर आहे का?’ आता यांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात जाते.