आबांची येझदी: रंग द्यायचा की आहे तशी ठेवायची?

द्राक्षमळा
निफाडजवळ आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये आबांची १९८४ ची येझदी रोडकिंग मोटरसायकल १९ वर्षं उभी होती. शेजारी द्राक्षांवरच्या बोर्डो फवारणीसाठी आणलेल्या मोरचुदाची पोती. त्या मोरचुदाने साइड कव्हरच्या अ‍ॅल्युमिनियमला असे खड्डे पाडलेत, की देवीचे व्रण वाटावेत. दिवाळीत टेम्पोत घालून नाशिकला गंगापूर रोडला आणली. आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी मी तिच्यापुढे मांडी घालून बसतो.

येणारा जाणारा एकच विचारतो, "कलर कोणता देणार?" माझं मत सांगतो. घरी जुन्या गाड्या करणारे बहुतेक जण गाडी वाचवत नाहीत, नटवतात. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद झाली. तिथे चढलेला रंग एकदा घासून काढला की गेला. टाकीवर आबांच्या गुडघ्याने रंग झिजून पत्रा दिसतोय, तो झाकायला मी पैसे मोजू? इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं करणार. रंगाला आणि क्रोमला हात लावणार नाही. कोणाला पटत नसेल तर बोला.

सिडकोचा पाना
नाही पटत. गुडघ्याची झीज मान्य, ती आबांची. पण बाकीचा गंज आबांचा नाही, तुमचा आहे. आबा दसऱ्याला गाडी धुऊन पुसून झेंडूचा हार घालत असतील ना? मग तुम्ही जपताय काय? १९ वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही, त्याची खूण?

माझ्या वडिलांची राजदूत १७५ मी गॅलरीत केली, १४ महिने लागले. वडील तिच्यावरून पंचवटीत दूध घालायचे, कॅन लटकवून लटकवून मागचा भाग वाकला होता. गंज काढायला बादलीत पाणी, धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा चार्जर. गंजलेल्या भागाला निगेटिव्ह, भंगारातल्या लोखंडी पट्टीला पॉझिटिव्ह. (पट्टी स्टेनलेसची घेऊ नका, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. खिडक्या उघड्या ठेवा, हायड्रोजन निघतो.) एका रात्रीत पाण्यावर चॉकलेटी साय येते आणि खाली काळंभोर लोखंड. ते पाहिल्यावर गंजाचं कौतुक करवणार नाही तुम्हाला.

आणि टाकी आतून तशीच ठेवणार का? आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. आतला गंज सुटून कार्बोरेटरमध्ये बसेल.

द्वारका गॅरेजवाला
रंगावरून काय भांडताय राव. रंग सगळ्यात शेवटी. माझ्याकडे घरी केलेल्या गाड्या कशा येतात माहितीये? गोणीत. वर चेसिस, खाली गोणी, गोणीत इंजिन, आणि सोबत एक साहेब, "थोडंच राहिलंय" म्हणणारे.

मागच्या महिन्यात अशीच एक येझदी आली. मॅग्नेट काढायला पुलर हवा, म्हणजे खेचून काढायचं हत्यार, यांनी हातोडी चालवली. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, दोन भाग सुटेनात म्हणून मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले. दिसायला एवढासा ओरखडा. पण येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं, मग वर जातं. तिथून हवा घुसली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. हे गाडी सुरू झाल्यावर लगेच नाही कळत, कसारा घाटात उभे राहिल्यावर कळतं.

घरी धुवा, पुसा, वायरिंग करा, स्पोक बदला. इंजिन उघडू नका. सिलिंडर बोअर करायला शेवटी सातपूरला लेथवाल्याकडेच जायचंय ना?

ओझरकर काका
भाऊ, तुम्ही गोणीच्या गाड्या पाहता कारण ज्यांची नीट होते ते तुमच्याकडे येतच नाहीत.

ओझरला विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये माझी सगळी नोकरी झाली. तिथला साधा नियम: काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी, आणि काढलेलं सील कितीही चांगलं दिसो, परत बसवायचं नाही. घरी हेच करा. पिस्टन पिन अडकवणारी कडी, म्हणजे सर्कलिप, नवीन, क्रँकची सीलं नवीन, मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो. बोअरिंग बाहेरून करून आणलं म्हणजे काम घरचं राहत नाही असं थोडंच आहे? लग्नाचं जेवण आचारी करतो, तरी लग्न आपल्याच घरचं.

पार्किंगवाल्याची बायको
काका, चिठ्ठ्या लावल्यात हो. माझ्या मसाल्याच्या डब्यांवर. जिऱ्याच्या डब्यात कार्बोरेटरचे जेट आहेत.

कागद आधी
सगळ्यांनी पाने खाली ठेवा आणि आरसी बघा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण लागतं. १९ वर्षं उभी म्हणजे ते राहिलंच असणार. कागद नसतील तर तुमची येझदी हॉलमधली शोभेची वस्तू.

"व्हिंटेज म्हणून नोंदवू" हे मनातून काढा. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी लागते. १९८४ ची गाडी २०३४ पर्यंत बसतच नाही. नवीन नोंदणीची फी २० हजार, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं, आणि रोज फिरवायला बंदी: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-इंजिनमध्ये बदल चालत नाहीत. पानावाले, राजदूतला डिस्क ब्रेक वगैरे लावला नाहीत ना?

सिडकोचा पाना
ड्रमच आहे. थांबते कमी, ओरडते जास्त.

द्राक्षमळा
आरसी बँकेच्या लॉकरमध्ये सापडली. नूतनीकरण २००४ पर्यंतच आहे, सोमवारी आरटीओत जातो.

पानावाले, एक कबूल करतो. काल बॅटरी बॉक्सखाली चेसिसला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, आरपार गेला. तिथे वेल्डिंग आणि काळा रंग, इलाज नाही. टाकी आतून साफ करणार. बाहेरून मात्र तशीच, त्यावर वाद घालायचा तर चहाला या.

गॅरेजवाले दादा, इंजिन जाम आहे. पहिल्या दिवशी मी किकवर उभा राहिलो होतो, दोनदा. आता पिस्टन सुटावा म्हणून प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलंय.

द्वारका गॅरेजवाला
किती दिवस झाले?

द्राक्षमळा
चार.

द्वारका गॅरेजवाला
अजून आठ ठेवा. आणि किक काढून मिसेसकडे द्या, जिऱ्याच्या डब्याशेजारी ठेवतील.